तिसऱ्या चाचणीआधीचे तीन दिवस

फलटण

लष्करात अधिकारी व्हायचं तर लेखी परीक्षेनंतर पाच दिवसांची एक निवडचाचणी असते. पाचही दिवस छातीवर नंबर लावून फिरायचं. चित्रं बघून गोष्टी लिहायच्या, मुलाखत द्यायची, मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपं घेऊन अडथळे पार करायचे. शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून निवडलेल्यांचे नंबर पुकारतात. ज्यांचा नंबर येत नाही त्यांनी बॅग उचलून स्टेशन गाठायचं. का नाही, हे कुणी सांगत नाही.

मी अशी दोनदा बॅग उचलून घरी आले होते. पहिल्या खेपेला पहिल्याच दिवशी दुपारच्या चाळणीत, दुसऱ्या खेपेला पाचव्या दिवशी. तिसऱ्यांदा लेखी परीक्षा पास झाले तेव्हा गावात कुणी पेढे मागितले नाहीत. मोबाईलवर निरोप आला की रविवारी संध्याकाळपर्यंत चाचणीची तारीख निवडा. वयाच्या अटीत बसणारी ही माझी शेवटची संधी. त्याच आठवड्यात फलटणच्या एका शाळेतून गणित शिकवायला या असं बोलावणंही आलं. आईनं जूनपासूनचा माझा डबाही मनातल्या मनात भरून ठेवला होता.

आण्णा, म्हणजे माझे वडील, सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. आता ऊस आणि म्हशी बघतात. त्यांना विचारलं तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझं तू ठरव." दोनदा विचारलं, दोनदा तेच.

बुधवारी संध्याकाळी ते म्हणाले, "शिवाप्पाच्या घराची वास्तुशांत हाय परवा. जतच्या पलीकडं. माझ्या डोळ्याचं आपरेशन झालंय, मला न्हाई जमायचं. घरचं कुणीतरी गेलंच पायजे."

शिवाप्पामामा म्हणजे आण्णांचे पलटणीतले सोबती. बारा वर्षं एका तंबूत काढलेली माणसं. आईनं आहेराची हिरवी साडी, टॉवेल आणि टोपी पिशवीत बांधून दिली. गुरुवारी सकाळी स्कूटरच्या पुढ्यात पिशवी ठेवून मी निघाले. खरं सांगायचं तर वास्तुशांतीचं निमित्तच झालं. मला घरातून पळायचं होतं.

मोगराळे घाट ते म्हसवड

फलटण सोडलं की काही वेळ दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. तोडणी चालू होती, ट्रॅक्टरच्या मागं लागलं की तोंडात चिपाडाचा भुस्सा जायचा. मोगराळे घाट चढून वर आलं की मात्र कुणीतरी चादर ओढून काढावी तसा हिरवा रंग जातो. समोर माण तालुका. तांबूस-करडे माळ, बाभळी, बोडके डोंगर, आणि अंगावर येणारं एवढं मोठं आभाळ.

आमच्याकडची माणसं माणला "दुष्काळी भाग" म्हणून मोकळी होतात. मीही म्हणायचे. दहिवडीच्या पुढं एका घरगुती खाणावळीत थांबले. मालकीणबाईंनी विचारलंच नाही, हुलग्याच्या माडग्याची वाटी समोर ठेवली. हुलगे भाजून, दळून केलेलं पातळ, लसणाच्या फोडणीचं ते गरम माडगं आणि बाजरीची भाकरी. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा लागतो, तो साखर ढवळून चिकट केलेला.

"एकलीच निघालीस?" बाईंनी विचारलं.

"हो. जतला."

"जत? आगं बया! आन् नवरा?"

"नाही अजून."

"बरं हाय. मग जेव निवांत," म्हणाल्या आणि आणखी अर्धी भाकरी वाढली.

दिघंचीच्या पुढे, कालव्यावर

म्हसवड मागं टाकून दिघंचीच्या पुढं आले तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. या भागात आता योजनेचं पाणी आलंय. माळावर अचानक डाळिंबाच्या बागा दिसतात, आणि सिमेंटचा कालवा रस्त्याला लागून चालतो. वर वीसेक फूट रुंद, दोन्ही बाजूंना उतरत्या गुळगुळीत भिंती, मध्ये वाहतं हिरवं पाणी.

समोरून मेंढरांचा कळप येत होता. पुढं साठीची एक म्हातारी, मागं तिची तरुण सून, बरोबर सामान लादलेला घोडा. मी स्कूटर बाजूला घेतली. तेवढ्यात वळणावरून एक टेम्पो हॉर्न वाजवत आला. मेंढरं बिचकली. कडेचं एक पाय घसरून कालव्यात गेलं, आणि मेंढरांची जात बघा, एक गेलं म्हणून त्याच्यामागं दुसरं, तिसरं. बघता बघता अकरा मेंढरं पाण्यात. भिंतीवर पाय लावायची, घसरायची, पुन्हा पाण्यात जायची. सूनबाई ओरडायला लागली.

माझ्या अंगात एकदम क्लासमधलं सगळं संचारलं. पुण्यात चाचणीच्या तयारीच्या क्लासमध्ये आम्हाला शिकवलं होतं, मैदानावर सगळ्यांच्या आधी बोला, जोरात बोला, सूत्रं हातात घ्या. मी बूट काढत ओरडले, "ऐका! सगळ्यांनी माझं ऐका! मी आत उतरते, एकेक वर ढकलते, तुम्ही ओढा!"

म्हातारीनं माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले.

"उडी नकू मारू, पोरी! खाली शेवाळ हाय. मेंढरं ऱ्हायली, तुलाच काढाया चार माणसं लागतील."

मी तिच्याकडं बघितलं. ती घाबरली होती, पण गोंधळली नव्हती. त्या क्षणी मी आयुष्यात पहिल्यांदा असल्या प्रसंगी तोंड मिटलं, आणि मग विचारलं, "मावशी, मग काय करायचं?"

"मेंढरू पाण्याच्या अंगानं जातंय. फुडं पुलाच्या अलीकडं पायऱ्या हायेत. तितं आडवाया पायजेल. घोड्यावर वागूर हाय."

वागूर म्हणजे संध्याकाळी मेंढरं कोंडायला जी दोऱ्याची लांब जाळी लावतात ती. सूनबाईनं, तिचं नाव सुमन, ती घोड्यावरून ओढून काढली. मी तिला वागुरीसकट स्कूटरवर घेतलं आणि कालव्याच्या कडेनं पायऱ्यांपर्यंत सोडलं. मग पुलावरून पलीकडच्या काठावर धावले. सुमननं वागुरीच्या दोराला दगड बांधून माझ्याकडं फेकला. दोनदा पाण्यात पडला, तिसऱ्यांदा माझ्या पायाशी आला. मी दोर ओढून वागुरीचं टोक पलीकडं घेतलं. पण ते बांधायचं कशाला? झाड नाही, खांब नाही. दहा पावलांवर एक दगड रोवलेला होता, आणि दोर तिथवर पोचेना.

पिशवीतली साडी आठवली. पिशवी मी तशीच खांद्याला लावून पळाले होते. नऊवार हिरवीगार साडी पिळून दोराला गाठ मारली आणि दगडाला दोन वेढे दिले.

एव्हाना डाळिंबाच्या बागेतून सहा बाया पळत आल्या. तिघी माझ्याकडं, बाकीच्या सुमनकडं. पहिलं मेंढरू वागुरीला येऊन थडकलं तसा साडीला असा हिसका बसला की मी गुडघ्यावर आले. मग दुसरं, तिसरं. मेंढरं मध्येच जाळीत अडकून एकमेकांवर चढायला लागली. म्हातारी, हिराबाई, तोपर्यंत धावत पायऱ्यांवर पोचली होती, पण तिचा हात मेंढरांपर्यंत जाईना.

मला पलीकडच्या काठावरून ते सगळं दिसत होतं. आम्ही सैल सोडलं आणि त्यांनी ओढलं तर वागूर तिरकी होईल आणि मेंढरं आपोआप पायऱ्यांकडं सरकतील. मी ओरडले, "मावशी! आम्ही सोडतो, तुम्ही ओढा! चालेल का?"

"चालंल! सोड! पर सावकाश!"

"तीन म्हटलं की. एक, दोन, तीन!"

आम्ही हातभर सोडलं, त्यांनी हातभर ओढलं. पुन्हा एक, दोन, तीन. बाया माझ्याबरोबर मोजायला लागल्या. पहिलं मेंढरू पायरीला लागलं तसं हिराबाईनं त्याचा मागचा पाय धरून वर फेकलं म्हणायला हरकत नाही. दहा अशी निघाली. अकरावं जाळीखाली सापडलं होतं. ते वर आलं तेव्हा हलत नव्हतं. हिराबाईनं ते मागच्या पायांनी उलटं धरलं, झटके दिले, पोट दाबलं. तोंडातून पाणी गेलं आणि ते मेंढरू शिंकलं.

त्या शिंकेला आम्ही नऊ बायांनी मिळून जी आरोळी ठोकली ती म्हसवडपर्यंत गेली असेल. मी पुलावरून पळत अलीकडं आले. हिराबाईनं ओल्या हातांनी माझा चेहरा धरला आणि कडाकडा बोटं मोडली.

"कुणाची गं तू?"

"फलटणकडची. ऊसवाल्यांची."

"ऊसवाल्यांची आसून वागूर धरतीस?" ती म्हणाली आणि अशी हसली की मलाही हसू आवरेना.

साडीची मात्र दोरी झाली होती. मेंढरांच्या लेंड्यांचा, शेवाळाचा वास मारणारी हिरवी दोरी. आटपाडीत आत्याकडं मुक्काम होता, तिथं ती दोनदा धुतली, तरी आत्या म्हणाली, "ही आहेरात दिलीस तर वास्तू शांत व्हायची न्हाई."

जतच्या पलीकडे

जतकडचा मुलूख माणसारखाच उघडा, पण बोली बदलते. दुकानांच्या पाट्यांवर कानडी अक्षरं दिसायला लागतात. शिवाप्पामामांच्या नव्या घराला झेंडूची तोरणं लावली होती. दारातच त्यांच्या बायकोनं, महादेवीकाकूंनी, हात धरला. "बर्री, बर्री! ऊटा झाला का?" बर्री म्हणजे या, ऊटा म्हणजे जेवण, एवढं कळलं. नाही म्हणायच्या आत मी पंगतीत बसले होते. कडक ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्याचं कालवण, शेंगांची चटणी आणि खपली गव्हाची हुग्गी. ही गुळातली खीर आमच्याकडच्या खिरीपेक्षा दाट, चमच्यानं नव्हे, बोटांनी खायची. मी तीन वेळा घेतली.

आहेराची वेळ आली तेव्हा नुसता टॉवेल आणि टोपी पुढं केली, आणि साडीचं काय झालं ते सांगावं लागलं. सांगताना आजूबाजूला माणसं जमली. काकू तर डोळ्याला पदर लावून हसत होत्या. त्यांनी ती साडी मागून घेतली. म्हणाल्या, "नव्या साड्या लई हायेत. ह्यो मला पायजे."

दुपारी ओसरीवर मामा माझ्याजवळ येऊन बसले. "चाचणीचं काय ठरलं?"

"ठरत नाहीये मामा. दोनदा नाही झालं. तिसऱ्यांदा नाही झालं तर?"

मामा तंबाखू मळायला लागले. मग म्हणाले, "आण्णानं तुला त्याचं सांगिटलंय न्हवं?"

"काय?"

"म्हंजे न्हाई सांगिटलं." त्यांनी मळलेली तंबाखू तशीच हातात धरली. "त्यानं बी दिलती ही चाचणी. शिपाईगड्यांनाबी बसता येतंय त्याला. आमच्या साहेबानंच फॉर्म भरायला लावला. आख्ख्या पलटणीतनं ह्यो एकटा. पाच दिवसांनी परत आला, नंबर न्हाई लागला. साहेब म्हणला, फुडच्या साली परत बस. ह्यो बसलाच न्हाई. आन् त्यावर एक शब्द बोलला न्हाई कवा."

घरी बैठकीत आण्णांचे वर्दीतले चार फोटो आहेत. त्यांच्या नोकरीतली प्रत्येक बदली मला पाठ आहे. आणि ही एवढी गोष्ट मला माहीत नव्हती. "तुझं तू ठरव" म्हणताना ते खिडकीबाहेर का बघत होते, ते आता कळलं.

त्यामुळे माझं काम सोपं झालं असं वाटेल, पण उलट झालं. आता मी पुन्हा बसले तर ते माझ्यासाठी असेल, की आण्णांचं राहिलेलं पुरं करायला?

तासगाव

शनिवारी मी मिरज, सांगली करत तासगावला गेले. सांगलीत गाडी थांबवून भडंगाचा पुडा घेतला आणि तो तासगाव येईपर्यंत अर्धा संपवला. तासगावला रुबिना राहते. दुसऱ्या चाचणीत ती आणि मी एका खोलीत होतो, आणि शेवटच्या दिवशी आम्ही दोघींनी एकाच वेळी बॅगा उचलल्या. ती पुन्हा बसणार नाही, असं तिनं सहा महिन्यांपूर्वीच कळवलं होतं.

मला वाटलं होतं, ती खचलेली असेल. ती बेदाण्याच्या शेडमध्ये वीस बायांवर देखरेख करत होती. जाळ्यांच्या थरांवर द्राक्षं वाळत घातलेली, सगळीकडं आंबटगोड वास, आणि रुबिना हातात वही घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ धावत होती.

"ही शेड आता मी बघते," तिनं सांगितलं. "अब्बांनी सोडून दिली होती. लय मजा येते गं."

"पुन्हा बसावंसं नाही वाटलं?"

"नाही. मला ती चाचणी जिंकायची होती, अश्विनी. वर्दी घालून पुढची वीस वर्षं काय करायचं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. ते कळलं आणि सुटले."

मी तिला कालव्याचं सांगितलं, आण्णांचं सांगितलं. तिनं मूठभर बेदाणे माझ्या हातात ठेवले. "आण्णांना जरा बाजूला ठेव. नंबर पुकारतात ती खोलीपण बाजूला ठेव. परवा तिथं पाण्याकाठी तुला कसं वाटलं?"

मी विचार केला. गुडघे फुटले होते, घसा बसला होता, हात सोलवटले होते. "दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आज पण असं काहीतरी असावं."

"झालं तर मग," रुबिना म्हणाली आणि लगेच एका बाईवर ओरडली, "शोभाताई, ती जाळी उलटी लागलीय!"

मी तिथंच, पोत्यावर बसून, मोबाईल काढला आणि सगळ्यात जवळची तारीख निवडली. रुबिनानं शेडभर ओरडून सांगितलं आणि वीस बायांनी टाळ्या वाजवल्या. निम्म्याजणींना कशासाठी ते माहीतही नव्हतं.

पुन्हा फलटण

विटा, मायणी, दहिवडी करत रविवारी दुपारी घरी आले. आण्णा गोठ्यात होते. म्हटलं, "तारीख घेतली." ते म्हणाले, "बरं केलंस."

"शिवाप्पामामांनी तुमचं सांगितलं."

आण्णांचा हात म्हशीच्या पाठीवर थांबला. "शिवाप्पा लय बोलतो," एवढंच म्हणाले आणि वैरण आणायला गेले.

सोमवारी मी शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना नाही म्हणून आले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझे बूट उन्हात ठेवलेले दिसले, पॉलिश केलेले.

चाचणीचं सगळं इथं लिहीत नाही. एकच सांगते. मैदानावर माझ्या हाताखाली दोघीजणींना देऊन एक अडथळा पार करायला लावला. मध्येच आमची फळी घसरून जिथं पडायला नको तिथं पडली. वरचे अधिकारी वहीत काहीतरी लिहीत होते. मी दोघींना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" एकीनं सांगितलं ते माझ्यापेक्षा बरं होतं. मी म्हटलं, "तसंच करू. तू दोर धर, तू मागं थांब, मी पुढं जाते." वेळ संपायच्या आत आम्ही पलीकडं होतो.

पाचव्या दिवशी खोलीत नंबर पुकारले. तीनच पुकारले. दुसरा माझा होता. मी उभी राहिले आणि क्षणभर माझं नाव काय तेच आठवेना. बाहेर येऊन आण्णांना फोन केला, फळी पडल्याचंही सांगितलं. पुढं वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादीही पार पडली. प्रशिक्षणाला हजर होण्याचं पत्र आता माझ्यासमोर आहे.

चाचणीहून घरी परतले त्या संध्याकाळी अंगणात अर्धं गाव होतं. ढोल कुणी आणला ते अजून माहीत नाही. आई पेढे वाटताना मोजत नव्हती. शेजारचे तात्या म्हणाले, "सुभेदार, लय अवघड आसतीया म्हणं ती परीक्षा?"

आण्णा खुर्चीवरून उठले. टोपी नीट केली. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "व्हय. मी बी दिलती. एकदा."

आई पेढ्यांचं ताट धरून जागच्या जागी उभी राहिली. तिलाही माहीत नव्हतं.

"मैदानावर माझी फळी पडली," आण्णा सांगायला लागले. "साहेबानं इचारलं, आता काय करणार? मी सावधान उभा ऱ्हायलो, आन् म्हणलो, आपण सांगाल तसं, साहेब!"

आधी तात्या हसले, मग सगळं अंगण हसलं. सगळ्यात जास्त आण्णा हसत होते. इतकी वर्षं दडवलेली गोष्ट त्यांनी स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या तोंडानं सांगून टाकली होती, आणि हसता हसता त्यांचा ऑपरेशन झालेला डोळा पाझरत होता.

मग त्यांनी माझा दंड धरून मला पुढं ओढलं.

"हिची बी फळी पडली," ते म्हणाले. "हिनं काय केलं, आता हिलाच इचारा."

आणि मी सांगायला सुरुवात केली.